चेहऱ्यावर मत्सर दिसतो का? झेरिकोने रंगवलेल्या एका म्हाताऱ्या बाईची गोष्ट

आधी चित्राचं नाव बाजूला ठेवू, कारण सगळी भानगड त्या नावातच आहे. नुसतं चित्र बघा, नेटवर सहज सापडेल. फ्रान्समधल्या लिओं शहराच्या म्युझियममध्ये आहे ते, तेलरंगातलं, साधारण 72 बाय 58 सेंटीमीटर, म्हणजे भिंतभर वगैरे काही नाही, घरात लावता येईल एवढंच. एक म्हातारी बाई आहे. डोक्यावर पांढरी झालरीची टोपी, त्या काळातल्या साध्या घरच्या फ्रेंच बायका घालायच्या तशी, आणि टोपीखालून केसांच्या एकदोन बटा सुटलेल्या. अंगात मातकट तपकिरी कोटासारखं काहीतरी, गळ्यापाशी लालसर कापड डोकावतंय. मागे नुसता अंधार. खोली नाही, खुर्ची नाही, खिडकी नाही, हातसुद्धा दिसत नाहीत. ती आपल्याकडे बघतच नाहीये, नजर बाजूला कुठेतरी फ्रेमच्या बाहेर लागलीय, डोळ्यांच्या कडा लाल झाल्यात आणि ओठ घट्ट मिटलेत.

आता सांगा, काय वाटतं? दमलीय? कोणीतरी फसवलंय तिला? पोरगा परत आला नाही म्हणून काळजीत आहे? का नुसतीच कंटाळून बसलीय, की हा चित्रकार कधी उठतोय एकदाचा? यातलं काहीही म्हणा, चेहरा नाही म्हणणार नाही.

आता नाव सांगतो. 'ला मोनोमान द लाँवी', म्हणजे मत्सराने वेड लागलेली बाई. दुसरं एक टोपणनाव तर आणखी भयंकर आहे, 'साल्पेत्रिएरची तरस', साल्पेत्रिएर म्हणजे पॅरिसमधलं बायकांचं हॉस्पिटल आणि तरस म्हणजे तो हसल्यासारखा आवाज काढणारा प्राणी. झालं, आता परत चेहरा बघा, लगेच मत्सर दिसायला लागतो की नाही? ती बाजूला लागलेली नजर लगेच शेजारणीच्या ताटात जाते, मिटलेले ओठ कुढायला लागतात. रंगाचा एक ठिपका बदललेला नाही, बदललंय फक्त खाली लावलेलं नाव, आणि ते नाव चित्रकाराने दिलेलं आहे असा कुठलाही पुरावा नाही. ते आपल्यापर्यंत पोचलं चित्र काढून झाल्यावर चाळीसेक वर्षांनी. ते कसं, त्यावर येतोच, पण त्याआधी ही बाई एवढ्या मोठ्या चित्रकाराच्या समोर येऊन बसली कशी ते समजून घेऊ, कारण त्या काळात अशा बाईचं पोर्ट्रेट काढायची पद्धतच नव्हती.

चित्रकार तेओदोर झेरिको. जन्म 1791, रुआँ शहरात, आणि मरण जानेवारी 1824 मध्ये पॅरिसला, वय फक्त 32. घोड्यांचं जबरदस्त वेड होतं त्याला, घोडे रंगवायचा पण आणि उधळत पळवायचा पण, आणि शेवटी घोड्यावरून पडून झालेल्या दुखापती आणि मणक्याचं दुखणं यातच गेला. एवढ्याशा आयुष्यात त्याने जे एक अवाढव्य चित्र काढलं त्यावर त्याचं नाव आजही चालतं, 'मेदूझाचा तराफा'. 1816 मध्ये मेदूझा नावाचं फ्रेंच सरकारी जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ रुतलं, कप्तान राजघराण्याच्या वशिल्याने नेमलेला होता, बोटी कमी पडल्या म्हणून दीडशेच्या आसपास माणसांना एका तराफ्यावर सोडून दिलं, आणि तेराव्या दिवशी तराफा सापडला तेव्हा जिवंत 15. मधल्या दिवसांत काय काय झालं ते विचारू नका, माणसांनी माणसं खाल्ली. झेरिकोने वाचलेल्या लोकांना गाठलं, त्यांच्याकडून सगळं ऐकून घेतलं, हॉस्पिटलमध्ये जाऊन मरायला टेकलेल्या माणसांची स्केचेस केली, कापलेले हातपाय स्टुडिओत आणून त्यांची चित्रं काढली. कुठे जायची इच्छाच होऊ नये म्हणून स्वतःचं डोकं भादरून घेतलं असंही सांगतात. चित्र झालं जवळपास पाच मीटर उंच आणि सात मीटर रुंद. हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की हा माणूस कल्पनेने दुःख रंगवणाऱ्यातला नव्हता, जाऊन बघून रंगवणाऱ्यातला होता, आणि म्हातारीचं चित्र त्याच सवयीतून आलंय.

तराफ्याचं चित्र 1819 च्या सलोंमध्ये लागलं. सलों म्हणजे पॅरिसचं मोठं सरकारी प्रदर्शन, तिथे चित्र लागलं की नाव झालं असा हिशेब. गंमत बघा, त्याच प्रदर्शनात आंग्र या दुसऱ्या बड्या चित्रकाराची 'ग्रांद ओदालिस्क' पण होती, ती पाठमोरी नग्न बाई, गुळगुळीत पाठीची, जिच्या पाठीत मणके जास्तच आहेत म्हणून टीका झाली. एकाच छताखाली एकीकडे ही रेशमी पाठ आणि दुसरीकडे तराफ्यावरची प्रेतं. रोमँटिक काळ काय चीज आहे हे समजून घ्यायचं असेल तर त्या एका प्रदर्शनात बरंचसं मिळतं. गुलाबाचं फूल आणि पावसातलं गाणं असला रोमान्स नाही हा. 1789 ची फ्रेंच राज्यक्रांती झाली, बुद्धीच्या जोरावर नवा समाज उभारू म्हणाले, त्यातून गिलोटीन निघालं, मग नेपोलियन आला, युरोपभर लढाया झाल्या, 1815 ला तोही संपला आणि परत राजा गादीवर. ज्यांचं सगळं तरुणपण यात गेलं त्या पिढीचा 'माणूस हा शहाणा प्राणी आहे' यावरचा विश्वास उडाला तर नवल काय. मग चित्रकार, कवी सगळे माणसाच्या आत काय चाललंय तिकडे वळले, भीती, वासना, स्वप्नं, वादळ, वेड. आधीच्या पिढीला रोमन वीर रंगवायचे असायचे, सरळ नाकाचे, छाती काढून उभे. यांना ते वीर कोसळताना बघायचे होते.

वेड हा विषय तर त्यांना फारच आवडायचा. पण वेड आवडणं वेगळं आणि एका वेड्या म्हटल्या गेलेल्या माणसासमोर बसून त्याचा चेहरा नीट बघणं वेगळं. तिथे झेरिकोला एक डॉक्टर भेटला.

एतिएन-जाँ झॉर्जे. झेरिकोपेक्षा चार वर्षांनी लहान, जन्म 1795 चा, पॅरिसच्या साल्पेत्रिएर हॉस्पिटलमध्ये काम करायचा. 1820 मध्ये, म्हणजे पंचविशीत, त्याने वेडाविषयी अख्खं पुस्तक लिहिलं. साल्पेत्रिएर म्हणजे मूळचा बंदुकीच्या दारूचा कारखाना, चौदाव्या लुईच्या काळात, 1656 मध्ये, तिथे गरिबांना आणि बेवारस लोकांना ठेवायची सोय केली, आणि पुढे ती बायकांची जागा झाली. हॉस्पिटल म्हणायचं पण खरं तर एक छोटं गावच होतं, म्हाताऱ्या, भिकारणी, अनाथ, वेश्या, फिट येणाऱ्या, आणि डोक्यावर परिणाम झालेल्या अशा हजारो बायका एकत्र. घरच्यांना नकोशी झालेली बाई इथे आणून सोडायची आणि विसरून जायचं, असंही चालायचं. पुरुषांसाठी अशीच बिसेत्र नावाची दुसरी जागा.

1795 मध्ये इथे फिलिप पिनेल नावाचे डॉक्टर मुख्य म्हणून आले. मानसिक आजाराच्या इतिहासात पिनेलांचं नाव फार मोठं, त्यांनी वेड्यांच्या साखळ्या तोडल्या अशी गोष्ट सांगतात, त्यावर 1876 मध्ये काढलेलं एक झकास नाट्यमय चित्रही आहे. प्रत्यक्षात बिसेत्रमधल्या साखळ्या काढायला सुरुवात केली ती प्युसें नावाच्या तिथल्या देखरेख करणाऱ्या माणसाने, जो डॉक्टरही नव्हता, आणि पिनेलांनी ती गोष्ट पुढे नेली. चित्रात अर्थातच डॉक्टरच उभे आहेत, नेहमीचंच. पण मुद्दा खरा आहे, या लोकांनी पहिल्यांदा जोर देऊन सांगितलं की वेड हा आजार आहे, भूत नाही, देवाची शिक्षा नाही, आणि पेशंटशी बोललं पाहिजे, त्याचं ऐकलं पाहिजे. पिनेलांचे शिष्य एस्किरोल आणि एस्किरोलांचा शिष्य आपला झॉर्जे.

आता येतो तो अवघड शब्द, मोनोमेनिया. हा एस्किरोलांनी 1810 च्या सुमारास चालवला. त्याआधी साधारण समज असा की माणूस वेडा म्हणजे सगळाच वेडा, डोक्याचा सगळा कारभारच बिघडलेला. एस्किरोल म्हणाले, नाही, असेही लोक असतात की ज्यांचं बाकी सगळं ठीक आहे, हिशेब बरोबर करतात, ओळखी ठेवतात, गप्पा मारतात, पण एका विषयावर आले की तबकडीवरची पिन अडकावी तसे तिथेच अडकतात. कोणाला वाटतं मी सेनापती आहे, कोणाला चोरी केल्याशिवाय चैन पडत नाही, कोणी जुगारापायी सगळं घालवून बसतं. बाकी डोकं शाबूत आणि एकाच जागी भोक. आयडिया एकदम भारी होती, काही वर्षांतच ती पॅरिसमध्ये सगळ्यांच्या तोंडी झाली, कादंबऱ्यांत आली, पेपरात आली, आज आपण जसं कोणालाही पटकन 'डिप्रेशन आहे त्याला' म्हणून मोकळे होतो तसं.

यात डॉक्टरांचा फायदा पण होता, आणि तो समजल्याशिवाय हे चित्र समजत नाही असं माझं मत. बघा, माणूस रस्त्यावर कपडे फाडत ओरडत फिरत असेल तर तो वेडा आहे हे सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे, गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण जो माणूस चारचौघांसारखा दिसतो, नीट बोलतो, आणि तरी आतून आजारी आहे, तो ओळखायला तज्ज्ञच लागतो. म्हणजे मोनोमेनियाच्या जोरावर हे नवे डॉक्टर म्हणू शकत होते की आम्हाला असं काहीतरी दिसतं जे तुम्हाला दिसत नाही. आणि ते लगेच कोर्टापर्यंत गेलं. झॉर्जेने 1825 मध्ये गाजलेल्या खून खटल्यांवर एक पुस्तिका काढली, त्यात आरोपी गुन्हेगार आहेत का आजारी याची डॉक्टरच्या नजरेने तपासणी केली होती. वकील आणि न्यायाधीश भडकले, कारण मग शिक्षा कोणाला करायची हेच डॉक्टर ठरवायला लागणार. त्यामुळे 'बघून ओळखता येतं' हे सिद्ध करणं झॉर्जेच्या दृष्टीने नुसतं शास्त्र नव्हतं, धंद्याची इज्जत होती.

आणि मत्सर? आपल्याकडे काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे षड्रिपू, कीर्तनात ऐकत आलो आपण, ख्रिश्चन लोकांकडे सात मोठी पापं आणि त्यात मत्सर आहेच. म्हणजे मत्सर ही हजारो वर्षं धर्माची केस होती, पाद्र्यासमोर कबूल करायची, देवापाशी माफी मागायची गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये ती फाईल पाद्र्याच्या टेबलावरून डॉक्टरच्या टेबलावर सरकली. पाप होतं ते रोग झालं. एका अर्थाने बरंच झालं, पापी माणसाला नरक मिळतो आणि रोग्याला निदान खाट मिळते. पण खाट साल्पेत्रिएरमधली, जिथून बाहेर पडायची खात्री कोणीच देत नव्हतं, त्यामुळे फार खूश व्हायचं कारण नाही.

झॉर्जेकडे झेरिकोची अशी दहा पोर्ट्रेट्स होती असं मानतात. त्यातली आज पाच आपल्याला माहीत आहेत. ही मत्सरवाली बाई लिओंला. जुगाराचं वेड लागलेली आणखी एक म्हातारी लूव्रमध्ये. चोरीचं वेड असलेला दाढीवाला माणूस बेल्जियममध्ये गेंटला. लहान मुलं पळवणारा अमेरिकेत स्प्रिंगफील्डला, आणि स्वतःला लष्करातला मोठा अधिकारी समजणारा स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूरला, त्याच्या डोक्यावर गोंडा लावलेली टोपी आणि गळ्यात एक बिल्ला आहे, तो बिचारा बहुतेक मेडल म्हणून मिरवतोय पण दिसतो हॉस्पिटलच्या नंबराच्या बिल्ल्यासारखा. दोन बायका, तीन पुरुष. काळ साधारण 1819 ते 1822 देतात, पण 1820 आणि 1821 चा बराच वेळ झेरिको इंग्लंडमध्ये होता, तराफ्याचं चित्र लंडनला तिकीट लावून दाखवत होते आणि लोकांची झुंबड उडाली होती, त्यामुळे बरेच जण म्हणतात की ही पोर्ट्रेट्स तो परत आल्यानंतरची, म्हणजे आयुष्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यातली.

का काढली असतील, यावर भरपूर वाद आहेत. एक म्हणणं असं की झॉर्जेला शिकवण्यासाठी पाहिजे होती, विद्यार्थ्यांना दाखवायला, की बघा हा अमुक प्रकारचा मोनोमेनिया. दुसरं म्हणणं, तराफ्यानंतर झेरिकोचं स्वतःचंच डोकं ठिकाणावर नव्हतं, झॉर्जेने त्याच्यावर उपचार केले आणि ही चित्रं म्हणजे उपचाराचा भाग किंवा डॉक्टरची फी. ही दुसरी गोष्ट ऐकायला फार छान आहे, म्हणूनच मला तिचा संशय येतो, कागदोपत्री तिला आधार नाही. पण वेड्या कलाकाराने वेड्यांची चित्रं काढली ही स्टोरी विकली जातेच. शिकवण्यासाठी म्हणावं तर तेही पूर्ण पटत नाही, कारण तेव्हा डॉक्टरांची पद्धत वेगळी होती, एस्किरोलांनी स्वतः गाब्रिएल नावाच्या एका चित्रकाराकडून पेशंटांची पेन्सिलची रेखाटनं करून घेतली होती, स्वच्छ रेषा, छापायला सोपी, नाक कसं, कपाळ कसं सगळं मोजता येईल असं. वर्गात दाखवायचं असेल तर तसलं काहीतरी उपयोगी. अंधारात बुडालेलं तेलरंगातलं पोर्ट्रेट कशाला?

इथे चेहरा वाचण्याच्या शास्त्राबद्दल दोन शब्द. लाव्हाटर नावाच्या स्विस पाद्र्याने 1770 च्या दशकात जाडजूड ग्रंथ काढले होते की माणसाचा स्वभाव चेहऱ्याच्या ठेवणीवरून कळतो. युरोपभर लोकांनी ते डोक्यावर घेतलं. मग फ्रान्झ गाल नावाचा डॉक्टर आला, तो कवटीवरचे उंचवटे चाचपून स्वभाव सांगायचा. आज ऐकून हसू येतं, पण आपल्याकडेही 'घाऱ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये' म्हणणारे काय कमी आहेत? तेव्हाच्या भल्या भल्या डॉक्टरांना खरंच वाटत होतं की रोग आत असेल तर त्याची खूण तोंडावर उमटलीच पाहिजे.

आता परत म्हातारीकडे या आणि झेरिकोने काय केलंय ते बघा. जर 'मत्सर' दाखवायचाच असता तर त्याच्याकडे तयार फॉर्म्युले होते. युरोपच्या जुन्या चित्रांत मत्सर म्हणजे सुकलेली म्हातारी, केसांच्या जागी साप, स्वतःचंच काळीज खाणारी. वेडे दाखवायचे तर तेही फॉर्म्युले ठरलेले. इंग्लंडच्या होगार्थने 1730 च्या दशकात लंडनच्या वेड्यांच्या इस्पितळाचा सीन रंगवलाय, त्यात एक जण राजा बनून नागडा बसलाय, एक पायात बेड्या घालून जमिनीवर पडलाय, आणि नटूनथटून आलेल्या दोन बायका तमाशा बघतायत. स्पेनच्या गोयाने 1794 मध्ये वेड्यांचं अंगण रंगवलं, नागडी माणसं एकमेकांशी झोंबतायत आणि राखणदार चाबूक चालवतोय. गोयाचं चित्र जबरदस्त आहे, पण त्यातल्या एकाही माणसाला चेहरा म्हणून लक्षात ठेवता येत नाही, ती गर्दी आहे, वेड्यांची गर्दी.

झेरिकोने साप काढले नाहीत, बेड्या काढल्या नाहीत, गवताचा मुकुट काढला नाही, गजांची खिडकीसुद्धा नाही. त्याने घेतला तो साच्यातला साचा, छातीपर्यंतचं पोर्ट्रेट, काळी पार्श्वभूमी, एका बाजूने उजेड. हा साचा कोणाचा? पैसेवाल्यांचा. वकील, व्यापारी, बँकर स्वतःची पोर्ट्रेट्स अशी करून घ्यायचे. त्या काळातल्या बायकांची पोर्ट्रेट्स बघायची तर आंग्रनेच 1814 मध्ये रंगवलेल्या मादाम द सनोनची बघा, नांतच्या म्युझियममध्ये आहे, लाल मखमलीचा झगा, बोटाबोटात अंगठ्या, मागे आरसा, बाई कोचावर अशी टेकलीय की तिच्याइतकीच तिच्या कपड्यांची पण किंमत कळावी. अशा पोर्ट्रेटचे पैसे कोणीतरी मोजलेले असतात, आणि ज्याने मोजले त्याला त्यात आपली ऐपत दिसायला पाहिजे असते. म्हातारीच्या चित्रात हेच सगळं गायब आहे आणि मान मात्र तेवढाच आहे. साल्पेत्रिएरच्या हजारो बायकांपैकी एकीला, जिचं नावही कोणी आपल्यासाठी लिहून ठेवलं नाही, त्याने बँकरच्या बायकोच्या जागी बसवलं.

रंगवायची पद्धत पण बघण्यासारखी आहे. कोट आणि टोपी फटाफट, रुंद ब्रशने, जवळ जाऊन बघितलं तर नुसते फराटे, एकाच बैठकीत उरकल्यासारखे. चेहऱ्यावर मात्र थांबलाय. तिथे रंग जाड आहे, कातडीत हिरवट, पिवळट, तांबूस छटा एकमेकांत कालवलेल्या, गालाखालचं हाड, नाकाशेजारच्या सुरकुत्या, कपाळावरचं आठ्यांचं जाळं. डोळ्यांच्या कडांचा लाल आणि गळ्यापाशी असलेल्या कापडाचा लाल एकमेकांना उत्तर देतात, त्यामुळे आपली नजर परत परत डोळ्यांवर येते. आणि ते डोळे आपल्याला भेटत नाहीत. पाचही पोर्ट्रेट्समध्ये हेच आहे, कोणीही आपल्याकडे बघत नाही. नेहमीच्या पोर्ट्रेटमध्ये बसलेला माणूस आपल्याकडे बघतो आणि आपण एकमेकांना ओळख देतो, तसा व्यवहार इथे होतच नाही. आपण बघतोय हे तिला माहीत आहे का, माहीत असून दुर्लक्ष करतेय का, का तिच्या लेखी आपण तिथे नाहीच, काही कळत नाही. मला विचाराल तर रोग रंगवण्याच्या कामात झेरिको नापास झालाय आणि म्हणून चित्र एवढं चांगलं आहे. डॉक्टरला टाईप हवा होता, म्हणजे सगळ्या मत्सरी बायकांत जे समान असतं ते. झेरिकोने जे रंगवलंय ते फक्त या एकाच बाईचं आहे, दुसरीला लावता येणार नाही.

झेरिको 1824 ला गेला, त्याच वर्षी त्याच्या स्टुडिओतल्या सामानाचा लिलाव झाला, पण ही चित्रं डॉक्टरकडे असल्याने त्यात आली नाहीत. झॉर्जेही फार जगला नाही, 1828 मध्ये क्षयाने गेला, तिशी नुकतीच ओलांडली होती. दहा चित्रं दोन डॉक्टरांत वाटली गेली, पाच मारेशाल नावाच्या डॉक्टरकडे ब्रिटनीला, फ्रान्सच्या पश्चिमेच्या टोकाला, आणि पाच लाशेझ नावाच्या डॉक्टरकडे. मग पस्तीस वर्षं सामसूम. 1863 मध्ये लुई विआर्दो नावाच्या कलासमीक्षकाला जर्मनीतल्या बाडेन-बाडेन गावात लाशेझकडची पाच चित्रं सापडली, अडगळीत पडलेली. विआर्दोने लगेच एक पत्र लिहिलं, ते पॅरिसच्या एका कलाविषयक मासिकात छापून आलं, आणि त्या पत्रात पाचही चित्रांची नावं, कोण कुठल्या प्रकारचा मोनोमेनियाक ते, दिलेलं होतं. आज म्युझियममध्ये जी नावं आहेत ती या पत्रावरून आलेली. ना झेरिकोच्या हातची चिठ्ठी, ना झॉर्जेची केस पेपरची नोंद. म्हणजे म्हातारी मत्सरी होती हे आपल्याला सांगतोय कोण, तर चित्र काढल्यानंतर चाळीसेक वर्षांनी, दुसऱ्या देशात, तिला कधीही न भेटलेला एक माणूस. त्याने मनाने रचलं असेल असं मी म्हणत नाही, लाशेझकडून ऐकलं असेल, लाशेझने झॉर्जेकडून. पण साखळी किती लांब आहे बघा.

लूव्रला चित्रं देऊ केली होती, लूव्रने घेतली नाहीत. पाचही वेगवेगळ्या वाटांनी गेली, आमची म्हातारी 1908 मध्ये लिओंच्या म्युझियमने घेतली, आणि लूव्रला अक्कल आली 1938 मध्ये, तेव्हा जुगारवाली बाई त्यांच्याकडे आली.

सगळ्यात मोठा विनोद म्हणजे विआर्दोला चित्रं सापडली तोपर्यंत मोनोमेनिया हा रोगच उरला नव्हता. 1854 मध्ये फाल्रे नावाच्या डॉक्टरने, तोही एस्किरोलांचाच शिष्य, चक्क 'मोनोमेनिया अस्तित्वात नाही' अशा नावाचा लेख लिहिला. त्याचं म्हणणं साधं होतं, पेशंटकडे जरा जास्त वेळ बघा, एकाच विषयावर वेडा आणि बाकी शहाणा असा माणूस प्रत्यक्षात सापडतच नाही. हळूहळू डॉक्टरांनी तो शब्द सोडून दिला. चित्रांना मात्र तो कायमचा चिकटला. त्या पाच लेबलांतलं चोरी आणि जुगार ही दोन वेगळ्या रूपात आजच्या मानसोपचाराच्या पुस्तकात आहेत, क्लेप्टोमेनिया आणि गॅम्बलिंग डिसऑर्डर. मत्सर नाही. आज ती बाई एखाद्या डॉक्टरकडे गेली तर तिच्या फाईलवर मत्सर हा शब्द येणार नाही, कदाचित डिप्रेशन लिहितील, कदाचित म्हातारपणाचं काहीतरी, कदाचित झोपेच्या गोळ्या देऊन घरी पाठवतील. डोळ्यांच्या लाल कडांचं कारण नुसतं डोळे आलेले असंही असू शकतं, हे मी अर्धवट गमतीत म्हणतोय, अर्धवटच.

चेहऱ्यावरून रोग पकडायची हौस पण तिथे संपली नाही, फक्त ब्रश गेला आणि कॅमेरा आला. 1850 च्या दशकात इंग्लंडमध्ये ह्यू डायमंड नावाचा डॉक्टर आपल्या हॉस्पिटलमधल्या बायकांचे फोटो काढायला लागला, आणि 1870 च्या दशकात याच साल्पेत्रिएरमध्ये शार्को नावाच्या बड्या डॉक्टरच्या हाताखाली हिस्टेरियाच्या पेशंट बायकांच्या फोटोंचे खंडच्या खंड छापले गेले. ते फोटो बघितले की झेरिकोची किंमत जास्त कळते. त्यात बायका रोगाची अॅक्टिंग करताना दिसतात, कारण डॉक्टरला काय पाहिजे ते त्यांना चांगलं समजलेलं होतं. आमची म्हातारी कसलीच अॅक्टिंग करत नाही. तिला कोणी विचारलं असेल का, बाई बसता का चित्रासाठी? नसावं. संमती वगैरे प्रकार तेव्हा नव्हताच, आणि या चित्राचं कितीही कौतुक केलं तरी तेवढं खुपतं ते खुपतंच.

मारेशालकडची पाच चित्रं मात्र गेली ती गेलीच. त्यांच्यावर कुठले रोग होते, किती बायका होत्या, काही माहीत नाही, कारण त्यांच्यासाठी कोणा विआर्दोने पत्र लिहिलं नाही. गेल्या काही वर्षांत एखाददुसरं चित्र 'हे हरवलेल्या पाचांतलंच' म्हणून पुढे येतं, मग तज्ज्ञांची भांडणं होतात, ब्रशचे फराटे जुळतात का, कॅनव्हासचं माप जुळतं का, आणि सगळ्यांना पटलंय असं अजून झालेलं नाही. माप आणि फराटे जुळले तरी पुढचा प्रश्न उरतोच, खाली नाव काय लिहायचं? मग हे लोक त्या चेहऱ्याकडे निरखून बघतात आणि ओळखायचा प्रयत्न करतात की याला नेमका रोग कुठला असेल. दोनशे वर्षांपूर्वी झॉर्जे जे करत होता अगदी तेच.